भाकरीच्या जागेवर पास्ता

कोल्हापुरात वजन कमी करायला निघालेल्या माणसाकडं लोक काळजीनं बघतात. ‘काय ओ, बरं हाय न्हवं?’ हा पहिला प्रश्न. ‘शुगर निघाली काय?’ हा दुसरा. तिसरा प्रश्न येत नाही, थेट आमंत्रण येतं: ‘रविवारी या घरी, मटण हाय.’ गावात शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान आहे, १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे इथल्याच लाल मातीत घडले, आणि कुठला पैलवान दिवसाला किती बदाम खायचा हे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. अशा गावात कमी खाणं म्हणजे एक तर दुखणं, नाही तर कंजुषी.

मीही पेठेतल्या तालमीत काही वर्षं काढली. कुस्तीत नाव वगैरे काही काढलं नाही. माती अंगाला लावली, जोर-बैठका मारल्या, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध मनसोक्त प्यालो. म्हशीच्या दुधाला शंभर मिलिलिटरमागं शंभरच्या आसपास कॅलरी धरल्या, तर अर्ध्या लिटरचा पेला पाचशेला पडतो. त्या वयात तो कुठं जिरायचा कळायचंही नाही. पुढं शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी लागली, मशीन शॉपमधून हळूहळू केबिनमध्ये सरकलो आणि तालीम सुटली. खुराक सुटला नाही. कोल्हापुरात माझ्या वयाचे असे पुष्कळ गडी रंकाळ्याच्या कडेनं सकाळी पोट सावरत चालताना दिसतात. त्यातले बरेच जण चालणं संपलं की मिसळ खायला जातात, ते वेगळं.

मग सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टरांनी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, काढला. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि मी २५ ची वेस कधीच ओलांडून पुढं गेलो होतो. औषध काही नाही, वजन उतरवा, असं सांगून त्यांनी मला सोडलं. खरी औषधयोजना बाहेर सुरू झाली. ऑफिसातल्या एकानं भात बंद करायला सांगितला, दुसऱ्यानं गहू. मेहुण्यानं साखरेऐवजी गूळ खायला सांगितला (गुळाच्या गावात दुसरं काय सांगणार, कॅलरी मात्र दोन्हींत जवळपास तेवढ्याच). पास्त्याच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. मैदा, चीज, फॉरेनचं खाणं, पोरांचे चोचले: तो पहिला बंद करा.

आणि मला पास्ता आवडतो. ही आवड लेकीमुळं लागली. कॉलेजला गेल्यापासून ती अधूनमधून स्वयंपाकघर ताब्यात घेते. ‘पप्पा, आज मी करतो’ (आमच्याकडच्या पोरी ‘करतो’च म्हणतात) असं म्हणाली की समजायचं, आज पास्ता. दातांना लागणारी ती लवचीक नळी, आत शिरलेला टोमॅटोचा आंबट-तिखट रस, लसणाचा वास. मला त्यात परकं असं काही वाटलं नाही. परकी होती ती त्याची वेळ.

पास्ता आमच्या घरात खाऊ होता. संध्याकाळी साडेसहाला केला की चौघांनी एकेक बाउल खायचा आणि साडेनऊला आईनं हाक मारली की पुन्हा ताटावर बसायचं: भाकरी, आमटी, भाजी, शेवटी भात. पास्ता खाल्लाय म्हणून जेवण चुकवायचं, हे आईच्या हिशेबात बसायचं नाही. ‘त्येनं काय पोट भरतंय व्हय? एक भाकरी तरी मोड.’ पाचशे ग्रॅमचं पाकीट आम्ही चौघं एका संध्याकाळी संपवायचो, म्हणजे माणशी सव्वाशे ग्रॅम. नुसत्या पास्त्याच्याच सव्वाचारशेच्या पुढं कॅलरी झाल्या, लोणी-चीज अजून धरलेलंच नाही, आणि रात्रीचं जेवण तर व्हायचंय. पास्ता ताटाबाहेर होता, म्हणून मोजदादीच्याही बाहेर होता. वडापाव, भडंग, दिवाळीची उरलेली चकली या सगळ्यांची हीच तऱ्हा. आपण त्यांना जेवणात धरत नाही आणि पोट मात्र सगळं धरतं.

हिशेब तसा सोपा आहे, फक्त धान्य कोरडं असताना करावा लागतो. ज्वारीचं पीठ, कणीक, तांदूळ, सुका पास्ता: शंभर ग्रॅमला सगळे साडेतीनशे कॅलरींच्या अलीकडं-पलीकडं. शिजल्यावर प्रत्येक जण आपापल्या मगदुराप्रमाणं पाणी पितो आणि आकडे बदलतात. शिजलेला पास्ता शंभर ग्रॅमला दीडशेच्या आसपास येतो, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. मोबाइलवर कुणी सुक्याचा आकडा बघून घाबरतो, कुणी शिजलेल्याचा बघून खूश होऊन दोनदा वाढून घेतो. त्यात ते अ‍ॅप विचारणार, ‘किती वाट्या?’ आता आमच्या घरातच आमटीची वाटी वेगळी, श्रीखंडाची वेगळी आणि आईची भाताची मूद पाडायची वाटी तिसरीच. वाटीवर हिशेब सोडला की तो सुटलाच.

आईची भाकरी सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम पिठाची असते. एकदा परातीतलं पीठ तिच्या नकळत तोलून पाहिलं. म्हणजे अडीचशे कॅलरी. सत्तर ग्रॅम पास्त्याच्याही अडीचशेच. एवढं कळलं आणि माझं काम झालं. पास्त्याच्या दिवशी भाकरी नाही, भाकरीच्या दिवशी पास्ता नाही. पास्ता साडेसहाचा उठवून रात्रीच्या जेवणात बसवला. भाकरीची जागा त्याची.

इटलीत आहारतज्ज्ञ एका वेळचं माप ८० ग्रॅम सुका पास्ता धरतात, अमेरिकेत पाकिटावर ५६ ग्रॅम छापतात. इटलीचा माणूस वर्षाला सरासरी २३ किलोच्या आसपास पास्ता खातो, पण एका वेळी तो एवढाच खातो, आणि त्याच्यामागून दुसरा पदार्थ येणार हे धरून खातो. आपल्याकडं भातावर आमटी येते, मग ताक-भात येतो, आणि ताट धुऊन निघेपर्यंत कुणाला वाढायचं थांबवता येत नाही.

तर वजनकाटा आणला. डिजिटल, चपटा, बशीएवढा. पहिल्यांदा ओट्यावर ठेवून त्यावर पेने मोजायला लागलो तेव्हा आई दाराशी येऊन उभी राहिली. एकेक नळी टाकत होतो, काटा ६८ वर, मग ६९ वर, पुढची टाकली तर ७१. ती एक काढून पाकिटात परत टाकली. आई म्हणाली, ‘गुजरीत बसलाईस काय, सोनं जोखाय?’ बशीतल्या ढिगाकडं बघून पुढं म्हणाली, ‘आन् ह्येच्यात माणूस जगतंय?’

प्रश्न रास्त होता. सत्तर ग्रॅम पेने कोरडे असताना केविलवाणे दिसतात. शिजून ते दीडशेच्या वर जातात, तरी बाउल अर्धाच भरतो. उरलेला अर्धा भाजीनं भरायचा, हे मी कपिलतीर्थ मंडईत शिकलो असं म्हटलं तरी चालेल. ढबू मिरची, बिन्स, कोवळी दोडकी, मशरूम मिळाले तर मशरूम, पावट्याच्या दिवसात पावटा. दोन मुठी भाजीच्या चाळीस-पन्नास कॅलरी होतात आणि बाउल काठोकाठ दिसतो. दोडका पास्त्यात घालतात काय, असं लेकीनं नाक मुरडून विचारलं होतं. पातळ चकत्या करून लसणावर परतला तर त्याचा दोडकेपणा निघून जातो, एवढंच सांगतो. वर एक उकडलेलं अंडं नाही तर मूठभर शिजवलेले काबुली चणे, म्हणजे प्रोटीनची बाजूही उभी राहते. पास्ता स्वतः शंभर ग्रॅमला बारा-तेरा ग्रॅम प्रोटीन देतो, तांदळापेक्षा बराच जास्त, हे सहसा कुणी बोलत नाही.

मैद्याचा आरोप मात्र तपासून घ्यावा लागतो. चांगला सुका पास्ता मैद्याचा नसतोच. तो ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत तर १९६७ च्या कायद्यानं तसं बंधनच घातलं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून घ्यावं. स्वस्तातली मॅकरोनी कधी कधी साध्या गव्हाच्या सुजीची निघते आणि पाण्यात पडली की लापशी होते. ड्युरम म्हणजे कठीण, पिवळसर दाण्याचा गहू. आपल्याकडं बक्षी, बन्सी म्हणतात तो त्याच जातीतला, रवा-शेवयांचा गहू. आणि त्याचा पूर्वज कोण, तर आमच्या शिरोळ-नृसिंहवाडीच्या काळ्या रानात पिकणारी खपली. खपलीच्याच कुळातून पुढं ड्युरम आला, असं शास्त्रज्ञ सांगतात. इटलीवाले त्या खपलीला फार्रो म्हणतात आणि सूप करतात. आम्ही गूळ घालून खीर करतो आणि महाप्रसादाला पत्रावळीवर वाढतो. हल्ली खपलीचाही पास्ता मिळायला लागलाय, किंमत बघून पाकीट खाली ठेवावंसं वाटतं. कॅलरी त्याच्याही तेवढ्याच असतात, दुकानदार काहीही सांगो.

आईला हे कुळ-मूळ सांगून काही फरक पडला नाही. फरक पडला तो एका व्हिडिओनं. इटलीच्या दक्षिणेला बारी नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या पेठेत बाया दारात टेबल टाकून हातानं ओरेकिएत्ते नावाचा पास्ता करतात. कणकेची दोरी वळायची, नखाएवढा तुकडा कापायचा, सुरीनं पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. कानाच्या पाळीएवढी वाटी तयार. आई चष्मा लावून बघत राहिली. ती स्वतः उन्हाळ्यात बोटवे करते, गव्हले करते, नखुले करते. रव्याच्या घट्ट भिजवलेल्या कणकेची गोळी अंगठ्याच्या नखावर दाबली की कड उचलते आणि मधोमध खळगा पडतो. लग्नाच्या रुखवतात हे सगळं मांडायचं आणि नंतर खिरीत शिजवायचं. व्हिडिओ संपल्यावर तिनं निकाल दिला, ‘हात चांगला हाय बाईचा. जरा जाड करतीया.’ त्या दिवसापासून पास्ता आमच्या घरात फॉरेनचा राहिला नाही.

मला स्वतःला त्यातली डाय, म्हणजे साचा, आवडली, कारण जन्म डाय-पंचमध्ये गेलाय. पास्त्याचं पीठ मोठ्या दाबानं डायमधून ढकलतात आणि पलीकडं फिरतं पातं तुकडे करतं. आपला शेवयांचा सोऱ्या, फक्त अवाढव्य. डाय ब्राँझची असली तर पास्त्याचा पृष्ठभाग खरखरीत येतो, हात फिरवला तर पिठूळ लागतो. टेफ्लॉनची असली तर गुळगुळीत, चकचकीत, पिवळाधमक. दुकानात चकचकीत पाकीट हातात घ्यावंसं वाटतं, पण पातळ रस धरून ठेवतो तो खरखरीतच. कॅलरी बघणाऱ्यासाठी ही बारीक गोष्ट नाही. रस नळीला चिकटणारा असेल तर तो थोडा असला तरी पुरतो; घरंगळणारा असेल तर माणूस त्याला दाट करायला जातो, आणि दाट करायचं म्हटलं की क्रीम आलं, चीज आलं, मैदा-लोणी आलं.

खरी कसरत तेलाची आहे, आणि कोल्हापुरी माणसाला ती जड जाते. कारण आमच्या स्वयंपाकात तेल दिसावं लागतं. मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, कटावर लाल तवंग आला पाहिजे, तांबड्या रश्श्यात भाकरी बुडवल्यावर बोटं रंगली पाहिजेत. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही, त्यामुळं ज्या मिसळीवर तर्री नाही ती मिसळ आम्हाला आजारी माणसाची वाटते. वाढणाऱ्यानं तेलात हात आखडला म्हणजे मायेतही आखडला, असं ते गणित. एक मोठा चमचा तेल, पोहे खायचा नव्हे, वाढायचा, म्हणजे १२० कॅलरी. अर्ध्या भाकरीएवढ्या. हे कुणाच्या घरी जेवताना बोलून दाखवायची हिंमत माझ्यात अजून नाही.

पास्त्यात उलटं असतं. तिथं तेल सुटलं तर बिघडलं. ते मिळून यावं लागतं. माझी रीत अशी. पास्ता शिजवायला इटलीवाले शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ सांगतात. मी पाणी बरंच कमी घेतो, म्हणजे त्यात पिठूळपणा जास्त उतरतो. मीठही कमीच, कारण रक्तदाब घरात सगळ्यांच्या मागं आहे. शेजारच्या गॅसवर पसरट कढईत दोन छोटे चमचे तेल. लसणाच्या सहा-सात पाकळ्या, काप करून, मंद आचेवर, कडा सोनेरी होईपर्यंत. मग घरची चटणी. चटणी म्हणजे आमची कांदा-लसणाची लाल चटणी. बाहेरगावचे लोक तिला मसाला म्हणतात. पाव चमचा. तिच्यात खोबरं-तीळ आहेत, तेलही आहे, तेव्हा हात राखून. ती करपायच्या आत किसलेले दोन टोमॅटो. टोमॅटोच्या शंभर ग्रॅमला वीसच कॅलरी, तिथं मात्र हात मोकळा सोडावा.

टोमॅटो आटत आला की एक पेने काढून दातांनी तोडायचा. तुटलेल्या कडेत मधोमध पांढरा ठिपका दिसतो, खडूच्या टोकाएवढा. तो मोठा असेल तर थांबायचं, पुसट झाला की पास्ता झाऱ्यानं उचलून थेट कढईत. आईनं एकदा हा ठिपका बघितला आणि म्हणाली, ‘कच्चं हाय रं आतनं.’ तेवढं कच्चं कढईत शिजतं. आता पास्त्याचं ते गढूळ पाणी, एक पळी. गॅस मोठा करायचा आणि कढई दोन्ही हातांनी धरून झटके द्यायचे, नाही तर डावानं भराभर ढवळायचं. आधी सगळं वेगवेगळं दिसतं: लाल पाणी खाली, तेलाचे डोळे वर, पास्ता मधेच. मिनिटभरात पाणी दुधाळ व्हायला लागतं, तेलाचे डोळे बारीक होत होत नाहीसे होतात, आणि रस एकदम नळ्यांना धरतो. कढईचा तळ डावानं ओढला तर क्षणभर रेघ राहते. पाण्यातला स्टार्च तेलाच्या थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, म्हणून हे होतं. दोन छोट्या चमच्यांच्या ऐंशी कॅलरी, आणि जिभेला लागतं क्रीम घातल्यागत. या एका मिनिटासाठी मी फोनसुद्धा घेत नाही.

सगळं मिळून बाउल पाचशेच्या आसपास बसतो, अंडं धरून. आता याच्या शेजारी कॅफेतला व्हाइट सॉस पास्ता ठेवा. मी एकदा घरी तसाच करून सगळं तोललं: शंभर ग्रॅम पास्ता ३५०, तीस ग्रॅम लोणी २१५, वीस ग्रॅम मैदा ७०, पाव लिटर म्हशीचं दूध २४०, चीजचे दोन क्यूब दीडशे. हजाराच्या वर गेलं, गार्लिक ब्रेड सोडून. गंमत म्हणजे त्यातही पास्त्याचा वाटा साडेतीनशेचाच. बाकीचं सगळं गाईम्हशींचं आणि लोणी-मैद्याचं, पण नाव वाईट होतं पास्त्याचं.

ठिपका ठेवून शिजवायचं आणखी एक कारण आहे. पास्त्यातला स्टार्च ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रोटीनच्या, घट्ट जाळ्यात अडकलेला असतो, तो पचायला वेळ लागतो, त्यामुळं रक्तातली साखर ब्रेडनं चढते तशी भसकन चढत नाही. पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स (साखर किती झपाट्यानं चढते त्याचं माप) ७० च्या वर असतो, पास्त्याचा ५० च्या आसपास. गिळगिळीत होईस्तोवर शिजवला की जाळं सैल पडतं आणि तो फायदा जातो. आमच्या मिसळीबरोबर पाव नसतो, ब्रेडच्या स्लाइस असतात, आणि ‘एक्स्ट्रा स्लाइस’ला कुणी हिशेबात धरत नाही, पास्त्याला नावं ठेवणारे माझे मित्र त्या सकाळी चार-चार खातात.

२०१८ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात टोरंटोच्या संशोधकांनी बऱ्याच चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला होता. कमी ग्लायसेमिक इंडेक्सच्या आहारात पास्ता असला तर वजन वाढत नाही, उलट अर्धा किलोच्या जरा वर उतरतं, असं त्यात निघालं. लेकीनं ते मोठ्या उत्साहानं दाखवलं. मी आधी दोन गोष्टी शोधल्या. एक, त्यातल्या काही संशोधकांना एका पास्ता कंपनीकडूनही निधी मिळालेला होता. तसं त्यांनी जाहीर केलंय, त्यामुळं लबाडी म्हणता येत नाही, पण मीठ चवीपुरतं घ्यावं. दोन, त्यातली माणसं आठवड्यातून साधारण तीनच वेळा पास्ता खात होती, इतर धान्याच्या जागी, आणि एका वेळचं माप होतं शिजवलेला अर्धा कप. अर्ध्या कपात आमच्याकडं लोणचं काढतात. त्यामुळं ‘पास्त्यानं वजन उतरतं’ असं मी कुणाला सांगत फिरत नाही. जागेवर बसला तर चढवत नाही, इतकंच माझं म्हणणं.

वजन उतरतंय, सावकाश. एक किलो चरबीमागं ७७०० कॅलरी हा कागदावरचा हिशेब. अंगात तो तसा चालत नाही, कारण कमी खाल्लं की शरीरही हात आखडतं. विद्यापीठाच्या आवारात सकाळी चालतो, पायऱ्या चढतो. रविवारी तांबडा-पांढरा असतो आणि त्या दिवशी काटा ओट्याखालच्या कप्प्यात असतो. तांबड्या रश्श्यावरचा तवंग चमच्यानं काढून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यापेक्षा मी दोन वाट्यांच्या जागी एक वाटी घेईन, पण तवंगासकट घेईन.

बाहेर मात्र माझं काही चालत नाही. राजारामपुरीतल्या एका कॅफेत मी रेड सॉस सांगितला, चीज नको म्हणून दोनदा सांगितलं. पोरगा बाउल घेऊन आला तर वर किसलेल्या चीजचा डोंगर. मी बघितल्यावर म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या ओ काका, आमच्याकडनं.’ बिलात लावलं नव्हतं, खरंच. आता याच्यावर काय बोलणार? लेकीच्या बाउलमध्ये सारलं निम्मं, निम्मं खाल्लं, रात्री ताकावर भागवलं.

घरात वारं जरा बदललंय. बुधवारी संध्याकाळी आई परात पुढ्यात घेऊन बसते आणि पिठाच्या डब्यात हात घालायच्या आधी आतनं विचारते, ‘आज तुजं त्ये नळ्याचं हाय न्हवं? मग तुजी भाकरी थापत न्हाई.’ परवा तर तिनं स्वतःच्याही दोनातली एक कमी थापली आणि बाउलभर नळ्या घेतल्या, वर कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी पसरून. भात मात्र ती अजून लावतेच.